आडवीची माती

काकींच्या हातात आमचं पत्रक दिलं की त्या आधी ते उलटं करून बघायच्या. मागची बाजू कोरी असली की खूश. चिखलाने भरलेले दोन्ही हात त्या कोऱ्या बाजूला नीट पुसायच्या, पत्रकाचा बोळा कमरेला खोचायच्या आणि म्हणायच्या, "कागद बरा हाय गो तुमचा. शाई सुटत न्हाय."

पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत छापलेलं असायचं: 'तुमच्या पायाखालची माती मरते आहे, जागे व्हा!!!' ते वाक्य माझं. ती तीन उद्गारचिन्हं मी समितीच्या बैठकीत भांडून मिळवलेली. आणि ही बाई त्यांच्या पाठीला हात पुसत होती.

स्पष्टच सांगते, पहिल्या भेटीत मला काकी अजिबात आवडल्या नव्हत्या. तुम्ही ठाण्याहून काल्हेरमार्गे भिवंडीत येत असाल, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काय चाललंय ते तुम्हीही पाहिलं असेल. पाहिलं नसेल तर मुद्दाम मान वळवली असेल. जिथे गुडघाभर पाण्यात भात उभा असायचा तिथे डंपर रिकामे होतात. कुणाच्या तरी तोडलेल्या बाथरूमच्या टाइल्स, कमोडचे तुकडे, कापड रंगवणाऱ्या डाइंगचा गाळ. वरून मुरूम, त्यावर काँक्रीट, त्यावर निळ्या पत्र्याचं गोदाम. वर्तमानपत्रं याला विकास म्हणतात. आमची समिती याला दरोडा म्हणते. मी तर सभेत याहून वाईट शब्द वापरला होता, तो अध्यक्षांनी इतिवृत्तातून काढला.

आणि काकी कोण? तर एका गोदामाच्या मालकीण. मानकोलीच्या अलीकडे, रस्त्याला लागून, पार्सल कंपनीला भाड्याने दिलेलं ते लांबलचक गोदाम त्यांचं. मागे त्यांचा बंगला, दारात मोठी गाडी, गळ्यात सोनं. मुलाला सगळं गाव शेठ म्हणतं. मी पत्रक घेऊन गेले तेव्हा त्या ओट्यावर बसून कसला तरी चिखल मळत होत्या. मी प्रस्तावना वगैरे केली नाही.

"काकी, तुमच्या गोदामाखाली भाताची जमीन गाडली गेली. तुम्ही तिचं भाडं खाता."

"खाते ना," त्या म्हणाल्या. "तू काय खातेस? पत्रकं?"

मी पुढचं वाक्य आठवत होते, तेवढ्यात त्यांनी आत हाक मारली. "चाय टाका गो! समितीची पोरगी आलीय. बस बाय. आधी चाय पी, मंग शिव्या दे. उपाशीपोटी शिव्या निगत न्हाईत."

मी बसले. चहा प्यायले. शिव्या राहूनच गेल्या.

मी गेले होते खरं तर भिंत मागायला. गोदामाची रस्त्याकडची भिंत अशी मोठी, की त्यावर घोषणा लिहिली तर पुढच्या पुलावरून जाणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला दिसेल. मला वाटलं होतं, ही बाई हाकलून देईल आणि मग त्यावर वेगळं पत्रक काढता येईल. काकींनी भिंत लगेच दिली. पण अट घातली.

"घोषना लिवायची न्हाय."

"मग काय करायचं भिंतीचं?"

"शेतं काढू. जी जी व्हती ती सगली. ज्याची त्याच्या मातीनं."

मला आधी कळलंच नाही. काकी लग्नघरातल्या भिंतींवर चौक काढायच्या, तांदळाच्या पिठाने. आगऱ्यांच्या लग्नात हे काम ज्या बाईचा हात चालतो तिलाच देतात, आणि आसपासच्या गावांत काकींचा हात चालतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या स्वतःही ते ठाऊक करून द्यायच्या. "माज्यासारकी रेघ कोनाची न्हाय," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. नम्रपणा हा गुण देवाने काकींच्या वाट्याला दिलाच नव्हता, आणि त्यांचं त्यावाचून काही अडलंही नव्हतं.

तर बेत असा. गोदामाच्या आणि आजूबाजूच्या सगळ्या गोदामांच्या खाली जी खाचरं होती, त्यांचा नकाशा भिंतीवर काढायचा. काकींना तो तोंडपाठ. प्रत्येक खाचराला नाव होतं, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. मी शहरातली, लूमच्या खडखडाटात वाढलेली. मला जमीन म्हणजे सात-बारा. इथे 'म्हशीची' होती, कारण तिच्यात एकदा म्हैस रुतली. 'भांडनाची' होती, तिच्यावरून दोन भाऊ मरेपर्यंत बोलले नाहीत. 'लांबोटी', 'खारटान', 'सासूची'. सासूची का, हे विचारल्यावर काकी म्हणाल्या, "कितीबी राबा, तिचा समाधान न्हाय."

आणि काकींची स्वतःची ती 'आडवी'. बाकीची खाचरं खाडीच्या दिशेने उभी उतरायची, ही एकटी त्यांच्या वाटेत आडवी पडलेली. आता तिच्यावरच पार्सलचं गोदाम उभं होतं.

ज्या शेताचा जो तुकडा उरला असेल, कोपरा, बांध, भिंतीकडेची पट्टी, तिथून त्या घरच्या बाईने मूठभर माती आणून द्यायची. ती खळीत कालवून काकी भिंतीला लावणार. खळ पुरवायचं काम माझं, कारण माझे बाबा सायझिंगला ड्युटी करतात. सूत लूमवर तुटू नये म्हणून त्याला जी खळ पाजतात तीच. बाबा म्हणाले, "तीस वर्षं खळ शिजवतोय, शेताला लावलेली पहिल्यांदाच ऐकतोय." पण डबा भरून द्यायचे.

काकींचा एकच नियम होता आणि तो त्या ओरडून सांगायच्या: "गालायचं न्हाय! मिसलायचं न्हाय! जशी हाय तशी लावायची!"

मी चाळणी आणली होती. ती त्यांनी सुनेला पीठ चाळायला देऊन टाकली.

त्यामुळे त्या भिंतीवर जे उमटलं, ते आमच्या कुठल्याच पत्रकाला कधी जमलं नव्हतं. 'लांबोटी'च्या मातीत गुलाबी टाइलचे तुकडे निघाले, ते तसेच भिंतीत बसले. एका तुकड्यावर अर्धं फूल होतं. 'भांडनाची'मधून सुताचे गुंते निघाले, पॉलिस्टरचे, लोकरीसारखे लोंबणारे. 'खारटान' वाळल्यावर तिच्यावर पांढरं मीठ फुललं. आणि नाल्याकडेची 'सासूची' आली ती चक्क जांभळी. वरच्या अंगाला डाइंग आहेत, त्यांचं पाणी नाल्यात येतं, हे मी बोंबलून सांगत होते तेव्हा लोक जांभया देत होते. आता अख्खा गाव भिंतीसमोर उभा राहून जांभळ्या शेताकडे बघत होता.

ते शेत ज्यांचं, त्या घरातली वहिनी तणतणत आली.

"काकी, ही बदनामी हाय! माज्या सासऱ्याचा शेत असा व्हता?"

"मी काय केला? तुज्याच हातची माती."

"लोकं काय म्हनतील? जांभला शेत!"

"मंग नाल्याला जाऊन सांग ना. माज्यावर का वरडतेस?"

"तुमी वरनं थोडा तपकिरी मारा."

"तुज्या तोंडावर मारू का तपकिरी?"

वहिनी पाय आपटत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आली, आणि तिसऱ्या दिवशी जावेला घेऊन. जावेला म्हणाली, "ही आपली. ह्या कोपऱ्यान आपन डबा खायचू." मग नवऱ्याला पुढे घालून त्याच वहिनीने आमच्या नाल्याच्या तक्रारीवर पहिली सही केली. मी वर्षभर दारोदार फिरून जी सही मिळवू शकले नव्हते ती. मला आनंद झाला आणि रागही आला. दोन्ही एकदम येतात, त्याला मी काय करू?

काम दिवाळीनंतर सुरू झालं होतं. थंडी सरेपर्यंत भिंत जवळजवळ भरली. मधोमध तेवढी एक जागा कोरी, सिमेंटची, आडवी. काकींच्या शेताची.

कारण काकींकडे माती नव्हती. आडवी पूर्णच्या पूर्ण गोदामाखाली गेलेली. कोपरा नाही, बांध नाही. पाया भरताना मऊ काळी माती आधी खरवडून काढतात, नाहीतर गोदाम खचतं. मग मुरूम भरतात. म्हणजे खाली खणलं तरी आडवी तिथे नव्हतीच. दुसऱ्यांची शेतं लावताना काकी बडबडायच्या, त्या कोऱ्या जागेजवळ आल्या की गप्प. एकदा मी म्हटलं, "शेजारच्या खाचराची थोडी घेऊ. मातीत काय फरक पडतो?"

समितीच्या मुलीने हे म्हणावं! काकींनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मी खळ ढवळायला लागले.

तेवढ्यात पार्सल कंपनीचा मॅनेजर आला. चांगला माणूस, घाम पुसत बोलणारा. "माताजी, बहुत अच्छा आर्ट है. लेकिन कंपनी का कलर ब्लू है. होली के बाद बडे साहब आ रहे हैं. ॲग्रीमेंट में भी लिखा है, बाहर का कलर कंपनी का."

शेठने आईचे पाय धरायचेच बाकी ठेवले. "आई, करार संपत आलाय. ते गेले तर एवढं मोठं गोदाम मी कुनाला देऊ?"

माझं डोकं फिरलं. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की भिंतीला हात लावला तर समिती गेटसमोर धरणं धरेल.

"माज्या गोदामासमोर?" काकींनी विचारलं.

"हो!"

"मंग चाय मलाच पाजावी लागंल तुमच्या सगल्यांना." त्या मॅनेजरकडे वळल्या. "साब, तुमारा कलर मारो. लेकिन मेरा पूरा होने के बाद. एक खेत बाकी है. वो खेत पूरा हुआ, फिर नीला करो, पीला करो."

"कितना टाइम लगेगा, माताजी?"

"मिट्टी मिला तो एक दिन."

मी काकींवर भयंकर चिडले. एवढं केलं ते पुसायला द्यायचं? त्या म्हणाल्या, "गो बाय, चौक काढला की लगीन झाल्यावर पुसतातच. पन अर्धा चौक सोडून कोन उठतं?" त्यांना भिंत टिकवायची नव्हती. त्यांना एकदा, एक दिवस का होईना, सगळी शेतं शेजारी शेजारी बघायची होती. त्यात आपली नसली तर बाकीच्यांचा उपयोग काय? आणि होळी जवळ येत होती.

मग आम्ही आडवीची माती शोधायला निघालो. ती गेली कुठे, एवढंच काकींना माहीत होतं: पडघ्याकडच्या एका वीटभट्टीवर. काकांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, परस्पर पाठवली होती. शेत बुजवायला काकींचा कडाडून विरोध होता. "ती माती इकलीस तं तिचा एक रुपया ह्या घरान नको," असं त्यांनी काकांना सुनावलं होतं आणि मग कित्येक दिवस अबोला धरला होता. पुढे बोलणं सुरू झालं, पण मातीचा विषय दोघांनी कधी काढला नाही. काका वारले त्यालाही आता काही वर्षं झाली होती.

भट्टीवर आम्ही रिक्षाने गेलो. शेठची गाडी घ्यायला काकी तयार नव्हत्या, "त्याला कलला तं तो मधीच खोडा घालंल." भट्टीवाले म्हातारे खाटेवर बसून तंबाखू मळत होते. समोर कच्च्या विटांच्या रांगा वाळत होत्या. काकींनी बसायच्या आधीच विचारलं.

"आमच्या आडवीची माती आली व्हती तुमच्याकडं. कंच्या गिऱ्हाईकाला गेल्या इटा?"

म्हाताऱ्याने तंबाखू मळायचं थांबवलं. "मस्करी करता काय, काकी?"

"मी रिक्षाला पैसे घालून मस्करी करायला आले?"

"अहो, तुमच्याच बंगल्याला गेल्या ना! तुमचे मालक रोज हितं येऊन बसायचे ह्या खाटेवर. आडवीच्या मातीत दुसरी माती मिसलायची न्हाय, म्हनून दम दिलेला मना. वेगली थापली, वेगली भाजली. मी बोललो, दादा, येवढी नाटकं कशाला? तं म्हनाले, बायकोनी पैसा घरान घेऊ नको सांगितलाय. माती घेऊ नको असा काय बोलली न्हाय."

काकी उभ्याच होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "कंच्या खोलीला?"

"हाल सगला आडवीचा. बाकीच्या खोल्यांला पुरली न्हाय."

परतीच्या रिक्षात त्या बाहेर बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "मेला. तोंडानं सांगायचा ना." थोड्या वेळाने, "मी येवढी वर्षं तिला टेकून शिरियल बघतेय." आणि मग त्या हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. रिक्षावाला आरशातून बघत होता. "क्या हुआ, चाची?" "कुछ नहीं रे. खेत मिला मेरा. टीवी के पीछे था."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ मानकोलीला गेलेला बघून काकींनी गवंडी बोलावला. टीव्हीचं कपाट दोन माणसांनी सरकवलं. भिंतीवर सोनेरी फुलांचा कागद होता, त्याखाली पुट्टी, त्याखाली प्लॅस्टर. गवंड्याने छिन्नी लावली आणि काकींकडे बघितलं. "काकी, शेठला इचारला ना?"

"शेठ माज्या पोटान व्हता तवा ह्या शेतान मी लावनी केलीय. तू मार."

सुनेने आधी व्हिडिओ काढला, मग ओरडली. शेठ आला तोवर हॉलमध्ये खिडकीएवढं भोक पडलं होतं, सोफ्यावर धुळीचा थर होता, आणि त्याची आई खाली संगमरवरावर फतकल मारून मांडीवर एक वीट घेऊन बसली होती. "आई... आई, हे काय... ते वॉलपेपर..."

"हे तुज्या बापाचा काम," काकी म्हणाल्या. "ये. बघ."

त्यांनी त्याला सगळं सांगितलं. शेठ ऐकत होता. मला शेठ मुळीच आवडत नाही, त्याने आमच्या मोर्च्याच्या दिवशी मुद्दाम ट्रक आडवा लावला होता. पण त्या दिवशी तो बुटांसकट त्या धुळीत आईच्या शेजारी बसला आणि भोकात हात घालून विटा चाचपत राहिला. "बाबा मला म्हनाले व्हते," तो हळूच म्हणाला, "हॉलच्या भिंतीला खिला मारायचा असंल तर आधी मला इचार. मला वाटलं वायरिंगसाठी."

विटा फोडल्या, पाट्यावर वाटल्या. पाटीभर लाल भुगा झाला. काकी त्यात बोटं फिरवत होत्या आणि त्यांचा चेहरा पडत चालला होता.

"आडवी काली व्हती," त्या म्हणाल्या. "म्हशीच्या पाठीसारकी काली. ही कोन लाल?"

मी म्हटलं, "कोळशाची पूड घालू का थोडी?"

"मिसलायचं न्हाय!" त्या सवयीने ओरडल्या. मग आवाज उतरला. "जशी हाय तशी."

पण जशी होती तशी ती भिंतीला धरेना. खळीत कालवली, लावली, आणि वाळताच भुरभुर खाली पडली. पुन्हा लावली, पुन्हा पडली. बाकीच्या सगळ्या मात्या, टाइल्सच्या, जांभळ्या, खारट, खळीत कालवताच चिकट व्हायच्या, भिंतीला बिलगायच्या. ही भाजलेली. हिला चिकटपणाच उरला नव्हता. बाबांनी दाट खळ शिजवून दिली तरी नाही. होळी होऊन गेली होती, मॅनेजरचे रंगवाले डबे घेऊन गेटवर बसून होते.

शेवटी गवंडी चाचरत म्हणाला, "काकी, थोडा सिमेट टाकला तं धरंल."

मला वाटलं, आता हा मार खातो. काकी भिंतीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "टाक. ह्या शेतावर सिमेटच पडलाय ना? मंग त्यान खोटा काय हाय."

आणि त्यांनी आडवी लावली. दुपारभर एकटीने, कुणाला हात लावू न देता. काळ्या-राखाडी-जांभळ्या-पांढऱ्या शेतांच्या मधोमध एक लालभडक खाचर. कड इतकी सरळ, की मॅनेजरसुद्धा म्हणाला, "माताजी, लाइन तो एकदम स्केल जैसा है." "माज्यासारकी रेघ कोनाची न्हाय," काकींनी त्याला मराठीत कळवलं.

दुसऱ्या दिवशी सगळा गाव आला. बायका आपापल्या शेतासमोर उभ्या राहून फोटो काढत होत्या. दोन घरांत बांधावरून जुनं भांडण पुन्हा पेटलं, भिंतीवरच्या बांधावरून. मी भाषण तयार करून आणलं होतं. ते कुणी करू दिलं नाही.

त्यानंतर रंगवाल्यांनी शिड्या लावल्या. घाई होती, खरवडणं नाही, घासणं नाही, मातीवरच निळा रंग. मी रडत होते, खोटं कशाला सांगू. काकी खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि रंगवाल्यांना सूचना देत होत्या. "अरे, वो कोना रह गया! खाया नहीं क्या सबेरे?"

बडे साहेब आले, भिंत बघून मान हलवली, गेले. करार झाला.

काकी त्यानंतर बंगल्यात फार रमल्या नाहीत. हॉलमधलं भोक बुजवायला त्यांनी कुणाला दिलं नाही, शेठनेही आग्रह धरला नाही. पडघ्याच्या पलीकडे त्यांची मुलगी दिलेली आहे, तिच्या सासरी अजून भात लावतात. पावसाळ्यात लावणीला म्हणून काकी तिकडे निघाल्या आणि मग तिकडेच राहिल्या. शेठ रविवारी जातो, मोबाइलवर फोटो आणतो: काकी चिखलात, काकी बांधावर, काकी कुणाला तरी बोट दाखवून ओरडताना. मी अजून तिकडे गेलेले नाही. नाल्याच्या तक्रारीच्या तारखा पडतायत, त्यातून सुटका नाही.

पण त्या निघाल्या त्या दिवशीचं सांगायला हवं.

आषाढात भिंतीने ओल धरली. खालची माती फुगायला लागली, आणि मातीवरचा तो निळा रंग पापुद्र्यांनी सुटायला लागला. आधी 'खारटान' उघडी पडली. मग टाइलच्या फुलासकट 'लांबोटी'. मग 'भांडनाची', मग 'म्हशीची'. 'सासूची' तर एका रात्रीत सगळीच्या सगळी बाहेर आली, जांभळीगार. मॅनेजर फोनवर फोन करत होता. बायका छत्र्या घेऊन भिंतीसमोर उभ्या होत्या आणि टाळ्या पिटायच्या तेवढ्या बाकी होत्या. मीही होते. भिंतीवर सगळी शेतं परत आली होती. फक्त मधोमध एक निळा तुकडा, गुळगुळीत, एकही पापुद्रा न सुटलेला. सिमेंट घातलेली आडवी तेवढी ओल घेत नव्हती.

शेठची गाडी गेटमधून बाहेर आली आणि थांबली. मागची काच खाली गेली. काकी बघत होत्या.

'सासूची'वाली वहिनी ओरडली, "काकी, आमच्या सगल्यांच्या उठल्या! तुमचीच न्हाय उठली गो!"

"भाजलेली हाय ती," काकी म्हणाल्या. "भाजलेली कुठं उठते?"

वहिनीने छत्री उगाच या हातातून त्या हातात घेतली. पाऊस गाडीत जात होता.

मग काकींनी मान आणखी बाहेर काढली. "ए समिती! त्या पुलावरनं बघितला तं काय दिसतं गो? येवढ्या सगल्यांत आधी कंची दिसते?"

मी वळून बघितलं. खरंच होतं. मातकट भिंतीवर तो एकच निळा तुकडा कुठूनही दिसला असता.

"आडवीच दिसते, काकी."

"मंग!" त्या म्हणाल्या, जणू हे त्यांनीच ठरवून केलं होतं. "चल रे."

गाडी निघाली, वळली, पुलावर चढली. काच खालीच होती. काकी अर्ध्या बाहेर येऊन मागे बघत होत्या, आणि शेठ एका हाताने गाडी हाकत दुसऱ्या हाताने मागे चाचपडत त्यांचा भिजलेला पदर आत ओढत होता.